मनोविकाराचे कारण आणि दोषाचे अनुमान

मनुष्याला ज्वर आला असता घरातील माणसे वैद्याकडे जातात. त्याचे मन बिघडले असता मात्र ती प्रथम एकमेकांकडे पाहतात. ‘हे कशाने झाले?’ आणि ‘हे कोणामुळे झाले?’ या दोन प्रश्नांत शब्दांचा भेद अल्प आहे. परिणामांचा भेद फार मोठा आहे. पहिल्या प्रश्नातून उपचार निघतो, दुसऱ्यातून बहुधा आरोप निघतो. ज्या धर्मविचारात कर्म, कर्मफल आणि फलदायिनी देवता यांचे निरूपण आहे, त्या विचाराच्या अभ्यासकांनी हा भेद विशेष काळजीने जाणून घेतला पाहिजे. कारण दुःखी मनुष्य उत्तर मागण्यासाठी पुष्कळदा त्यांच्याच दारी येतो, आणि तेथे मिळालेले उत्तर तो शास्त्राचे उत्तर म्हणून घरी नेतो.

अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या चाळीतील वीस-बावीस वर्षांचा मुलगा घ्यावा. तो जेवण टाकतो, रात्र रात्र जागतो, कानाशी कोणी बोलत असल्यासारखा भिंतीशी वाद घालतो. शेजारी म्हणतात, ‘बाहेरचे झाले आहे.’ नातलग म्हणतात, ‘आईने लाड केले, त्याचे हे फळ.’ कोणी वडीलधारा म्हणतो, ‘पूर्वजन्मीचे काही असेल.’ डॉक्टर म्हणतात, ‘हा मेंदूचा विकार आहे.’ समाजकार्यकर्ता म्हणतो, ‘बेकारी, गर्दी आणि कर्ज यांचा हा परिणाम आहे.’ मुलाची आई यांपैकी काहीच म्हणत नाही. ती एवढेच विचारते, ‘माझे काय चुकले?’ या मातेला शास्त्रज्ञ पुरुषाने काय उत्तर द्यावे, हाच येथे विचाराचा विषय आहे.

जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टान्त पंथीय वाचकांस परिचित आहे. ज्याच्या हाती पाय आला तो हत्तीला खांब समजतो, ज्याच्या हाती कान आला तो सूप समजतो. प्रस्तुत प्रश्नातही असेच घडते, असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. परंतु वरील पाच उत्तरे देणाऱ्यांपैकी काहींचा हात खरोखर हत्तीवर आहे, आणि काहींचा हात शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर आहे. कोणाचा हात कोठे आहे, हे एकेक पाहिले पाहिजे.

प्रथम परिस्थितीचा पक्ष पाहू. या पक्षाची परीक्षा घेण्यास उल्हासनगरासारखे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात क्वचित सापडेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराने छावणी उभारली. १९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाब व बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध प्रांत मात्र संपूर्णच पाकिस्तानात गेला, त्यामुळे सिंधी हिंदूंस या बाजूला स्वतःचा म्हणावा असा प्रदेशच उरला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर निर्गमनास वेग आला. मुंबई बंदरात उतरलेली माणसे या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यात आली. लाखाच्या घरात गेलेल्या या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव उल्हासाचे होते. परंतु ज्यांची घरे, शेते, दुकाने आणि पितरांची स्मृतिस्थाने एका वर्षात गेली, त्यांच्या मनात त्या वेळी काय होते हे सांगावयास नको. बराकीचा क्रमांक हाच पत्ता झाला. एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये पडदा म्हणून गोणपाट किंवा जुने लुगडे, अशी पुष्कळांची पहिली वर्षे गेली.

आता विचार करावा. हानी एक, बराक एक, अन्न एक. तरी परिणाम एक झाला नाही. बहुसंख्य माणसांनी पापड लाटले, आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, लहान कारखाने काढले आणि एक व्यापारी नगर उभे केले. काही मात्र मुकाट झाले, काही रात्री दचकून उठू लागले, काही व्यसनाच्या आहारी गेले. परिस्थिती हेच एकमेव कारण असते, तर सारी छावणीच भ्रमिष्ट झाली असती. परिस्थिती हे कारणच नसते, तर सुखवस्तू वस्तीहून तेथे निराळे काही घडले नसते. म्हणून परिस्थिती हे कारण आहे, पण एकटे पुरेसे कारण नाही, असेच म्हणणे प्राप्त होते. शिवाय जे मोडले ते इतरांहून दुबळे किंवा पापी होते, असे ठरविण्यास कोणतेही प्रमाण नाही. त्याच फाळणीने वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही वाटणी केली; १९५० साली लाहोर व अमृतसर यांच्यामध्ये त्यांची देवाणघेवाण झाली, आणि तिचेच चित्र सआदत हसन मंटो यांनी ‘टोबा टेकसिंग’ या कथेत रंगविले. शहाणी म्हणविणारी माणसे देश वाटून घेत होती आणि वेडी म्हणविली जाणारी माणसे आपले गाव कोठे आहे, एवढेच विचारीत होती. त्या वर्षी वेड नेमके कोणाच्या ठायी होते, हे सांगणे कठीण आहे.

परिस्थितीचा हा भार फाळणीबरोबर संपला, असेही नाही. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर अंतरावरच्या या गावी माणसे राहावयास आली ती घर परवडले म्हणून. त्या घराची किंमत ती दररोजच्या प्रवासाने फेडतात. पहाटे निघणारा पिता आणि रात्री परतणारा पिता यांना मुलगा झोपलेलाच दिसतो. नव्या इमारतीत शेजाऱ्याचे नाव दारावरील पाटीवरूनच कळते. उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांची घरे उभी राहिली, त्यांनाही नंतर छताकडे पाहत झोपावे लागले. कर्ज, अनिश्चितता, एकाकीपण आणि भय यांनी नैराश्य व चिंताविकार यांचा धोका वाढतो, हे आजच्या मनोवैद्यकास मान्य आहे. तेव्हा समाजकार्यकर्त्याचा हात हत्तीवरच आहे. फक्त तो सबंध हत्तीवर नाही.

आता देहाचा पक्ष. मन हे देहाहून निराळे मानले, तरी या जन्मात ते देहाच्या आश्रयानेच वावरते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावले, तर मनुष्य उदास, सुस्त आणि विसराळू होतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने स्मृती व वृत्ती बिघडतात. डोक्यावरील आघाताने स्वभाव पालटतो. प्रसूतीनंतर काही स्त्रियांना गंभीर मनोविकार जडतो. नित्य मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटले, तर त्याला नसलेली माणसे दिसू लागतात. यांतील पुष्कळ विकार औषधाने बरे होतात. ज्या बाईला ‘झपाटलेली’ म्हणून उंबरठ्याबाहेर बसविले, तिला रक्ताच्या एका तपासणीची आणि रोजच्या एका गोळीची गरज असू शकते, हे ऐकून धर्मनिष्ठ माणसाने लज्जित व्हावे असे काही नाही. न तपासता तिला बाहेर बसविले, याची मात्र लाज वाटली पाहिजे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विकार घराण्यात उतरू शकतो. पण तेथेही अनुवंश सर्वसमर्थ नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावांपैकी एकास हा विकार झाला, तरी दुसऱ्यास तो न होण्याचा संभव निम्मा किंवा त्याहून अधिक असतो. बीज एक असून फळ दोन! म्हणून देहाचा पक्षही खरा, परंतु अपुरा. याच कारणास्तव जॉर्ज एंगेल या अमेरिकन वैद्याने १९७७ साली देह, मन आणि समाज या तिहींचा एकत्र विचार करावा, असे प्रतिपादन केले, आणि आज ते सर्वत्र प्रमाण मानले जाते.

राहिले नातलगांचे उत्तर, ‘आईने बिघडविले.’ हे उत्तर अडाणी माणसांचे आहे, असे कोणी समजू नये. उल्हासनगरच्या बराकी भरत होत्या त्याच सुमारास, १९४८ साली, फ्रीडा फ्रॉम-राइखमन या अमेरिकेतील विदुषीने छिन्नमनस्कता निर्माण करणाऱ्या मातेची संकल्पना मांडली. पुढे दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांतील असंख्य मातांना सुशिक्षित तज्ज्ञांनी हेच ऐकविले, की तुझ्या वागण्याने तुझे मूल वेडे झाले. पुढील संशोधनाने ती कल्पना निराधार ठरली. परंतु तोपर्यंत ज्या माता अपराधाच्या भावनेत म्हाताऱ्या झाल्या, त्यांची वर्षे कोणी परत केली नाहीत.

महाराष्ट्रातही हा भार स्त्रीच्याच खांद्यावर येतो, हे एका अभ्यासाने दाखविले आहे, आणि तो अभ्यास पंथीयांनी विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. व्हीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने फलटण येथील महानुभाव मंदिरात आरोग्यलाभासाठी येणाऱ्या कुटुंबांचे निरीक्षण करून १९८७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. तिला असे आढळले की, घरातील पुरुषाचे किंवा मुलाचे मन बिघडले असता सोबत आलेली पत्नी वा माता पुष्कळदा स्वतःच घुमू लागते. माझ्या माणसाचे दुखणे मला येवो आणि तो मोकळा होवो, अशी ती प्रार्थना करते. या त्यागापुढे मस्तक नम्र होते. परंतु ज्या समाजात पुरुषाचा आजार स्त्रीने आपल्या अंगावर ओढून घ्यावा अशी अपेक्षा असते, तेथे तो बरा न झाल्यास उणेपणही तिच्याच त्यागाला लागते, याचाही विचार झाला पाहिजे. परमेश्वराच्या दारी आलेली स्त्री भार ठेवण्यास आली आहे; तिने अधिक भार घेऊन जावे, हे त्या दाराला शोभणारे नाही.

येथे पूर्वपक्षी म्हणेल, ‘हे सर्व मान्य केले, तरी सुखदुःख हे कर्माचेच फळ होय, हा सिद्धान्त सुटत नाही. मग रोगी दोषी नाही, असे कसे म्हणता?’ या शंकेचे समाधान उल्हास नदीच्या काठीच मिळते. नदीचा पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला, असे जाणणे, हे नैयायिकांचे शेषवत् अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला महापूर आला आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. त्या पुरावरून, कर्जतच्या वरच्या सह्याद्रीत मोठा पाऊस झाला, एवढे अनुमान कोणीही करील. परंतु तो कोणत्या डोंगरावर, कोणत्या प्रहरी, किती पडला, कोणत्या ओढ्याने किती पाणी आणले, हे केवळ पुराकडे पाहून कोणी सांगू शकणार नाही. जो सांगेल तो नैयायिक नव्हे, कल्पक होय.

कर्माचेही तसेच आहे. दुःख आहे म्हणून कर्म आहे, इतके सामान्य विधान शास्त्राच्या आधारे करता येते. परंतु या जीवाने, अमुक जन्मी, अमुक कर्म केले म्हणून त्याचे मन बिघडले, हे विशेष विधान करण्याचा अधिकार अज्ञ जीवाला नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत सर्वज्ञ एक परमेश्वरच आहे. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे, आणि जो बोलतो तोही जीवच आहे. तेव्हा दुसऱ्याच्या दुःखावरून त्याच्या पापाचे निदान करणारा मनुष्य सिद्धान्ताचे रक्षण करीत नसून सर्वज्ञाची गादी बळकावीत असतो. आणि कर्मफल भोगावयाचे ते याच प्रपंचातून, याच देहातून, याच गावातून येते. म्हणून देहावर औषध करणे किंवा गावाची स्थिती सुधारणे यात सिद्धान्ताचा भंग नाही. भक्तांच्या दुखण्यांची स्वामींनी विचारपूस केल्याच्या, त्यांना उपाय सांगितल्याच्या लीळा परंपरेला ठाऊक आहेत. ‘तुझे कर्म तू भोग’ म्हणून रुग्णाकडे पाठ फिरविण्याला त्या आचरणात आधार नाही.

त्या पुराच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पाऊस कोठे पडला, नदीचे पात्र कोणी अडविले, गाडी पुढे कोणी सोडली, हे प्रश्न होतेच. परंतु त्यांची उत्तरे मिळेपर्यंत कोणी थांबले नाही. आपत्ती निवारण दल, नौदल आणि आसपासच्या गावांतील माणसे होड्या घेऊन गेली, आणि हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. बुडणाऱ्याला त्याच्या बुडण्याचा इतिहास विचारावयाचा नसतो.

दुसरी शंका अधिक बिकट आहे. ‘दोष कोणालाच द्यावयाचा नाही, तर मग जबाबदारी कोणाची? मारझोड करणारा पती, घरखर्च दारूत घालविणारा पिता, कच्ची इमारत बांधून देणारा ठेकेदार, हे सर्व निर्दोष काय?’ नाही. जे कर्म प्रत्यक्ष घडले आहे, ज्याचा कर्ता दृष्ट आहे, त्याचा दोष त्या कर्त्याकडे जातो आणि तो स्पष्ट बोलून दाखविलाच पाहिजे. पत्नी रोज मार खात असेल आणि खचली असेल, तर तिला जप सांगून पतीस काहीच न सांगणे, हा अधर्मच होय. निषेध आहे तो उलट दिशेच्या अनुमानाचा: कर्म दिसत नसता केवळ दुःख पाहून दोष कल्पिण्याचा. दृष्ट कर्मावरून दोष, हा न्याय. दुःखावरून अदृष्ट दोष, हा अन्याय. एवढा विवेक ठेवला, तर शासनही राहते आणि करुणाही राहते.

या संदर्भात ऋद्धिपूरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा पाहून गावातील लोक त्यांना वेडे म्हणत, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यावरून प्रत्येक भ्रमिष्ट मनुष्य ईश्वरी अवतार आहे, असा अर्थ काढून त्याला औषधावाचून ठेवणे, हा अविवेक होय. अवताराची लीळा आणि जीवाची व्याधी यांची गल्लत करू नये. परंतु त्या चरित्रातून एक गोष्ट सर्वांनी घेण्याजोगी आहे. ज्यांना गाव वेडे म्हणत होते, त्यांनाच त्या गावाने आपल्या अंगणात येऊ दिले, आपल्या हातचे खाऊ घातले, आणि संकटात त्यांनाच हाक मारली. ‘वेडा’ हा शब्द तेथे गावाबाहेर काढण्याची आज्ञा झाला नाही. बाह्य आचरण पाहून आतील जीवाचे मोल ठरवू नये, हे ऋद्धिपूरच्या रहिवाशांना कळले होते असे नव्हे. परंतु त्यांच्या उंबरठ्यांनी ते पाळले.

धर्मस्थानाने रुग्णासाठी काय करावे, याची दोन उदाहरणे तामिळनाडूत एका वर्षाच्या अंतराने पुढे आली. ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ रुग्ण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्याच राज्यातील एका मंदिरात काही आठवडे राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी होती. तेथे साखळी नव्हती, मारहाण नव्हती, सोबत घरचे माणूस होते आणि हलके नित्यकर्म होते. त्या रुग्णांच्या लक्षणांत मोजता येईल इतका उतार आढळला. आश्रय, अन्न, सत्संग व नामस्मरण यांनी मनाला आधार मिळतो, यात संशय नाही. परंतु तो आधार औषधाच्या जोडीने द्यावा, औषधाच्या जागी नव्हे.

आचार्य नागदेवांना आणि इतर भक्तांना स्वामींच्या वियोगाचे जे दुःख झाले, ते त्यांनी एकट्याने गिळले नाही. भक्तमंडळीत लीळांचे स्मरण होत राहिले, आणि त्या स्मरणातूनच म्हाइंभटांच्या हातून मराठीचा आद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. उल्हासनगरातही जेथे चेटीचंडाला माणसे एकत्र आली, आपली भाषा बोलली, गेलेल्या गावांची नावे मुलांना सांगितली, तेथे शोकाला वाट मिळाली. शोकाला सोबत मिळाली तर तो स्मरण होतो. सोबत न मिळाल्यास तो रोग होण्याचा संभव असतो. मनोविकाराची सर्व कारणे मनुष्याच्या हाती नाहीत, परंतु हे एक कारण बरेचसे शेजाऱ्यांच्या हाती आहे.

२०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी शेकडा सुमारे १०.६ जणांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि विकारपरत्वे शेकडा ७० ते ९२ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून ते आगगाडीच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. तरी वाट अडते ती बहुधा अंतराने नव्हे, लाजेने. आणि लाज उत्पन्न होते ती दोषाच्या कल्पनेतून.

म्हणून ‘माझे काय चुकले?’ असे विचारीत आलेल्या मातेला प्रथम हे सांगावे की, तिच्या मुलाच्या दुखण्याला कारणे आहेत, ती अनेक आहेत, काही देहात आहेत, काही घरात व गावात आहेत, आणि काही मनुष्याच्या ज्ञानापलीकडची आहेत. परंतु त्यांतील कोणत्याही कारणाचे नाव ‘तू’ असे नाही. नंतर तिला जेवू घालावे. आणि मग मठातील किंवा शेजारातील एका जाणत्या माणसाने तिच्या व तिच्या मुलाच्या सोबत ठाण्याच्या गाडीत बसावे. शास्त्राचा अर्थ सांगण्याचे काम त्यानंतरही करता येते. किंबहुना तेव्हाच ते ऐकण्याइतके तिचे मन मोकळे झालेले असते.